आईचं दुखणं इंग्रजीत कोण सांगणार?



१ मार्च २०२५ रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी इंग्रजी ही अमेरिकेची अधिकृत भाषा असल्याचा आदेश काढला. आपल्यापैकी बहुतेकांनी बातमी वाचली आणि सोडून दिली. आपलं इंग्रजी चांगलं आहे, आपल्याला काय फरक पडतो? पण दर उन्हाळ्यात येऊन सहा महिने राहणाऱ्या, किंवा ग्रीन कार्डावर कायमच्या आलेल्या आपल्या आई-बाबांना पडू शकतो. म्हणून हा लेखप्रपंच.

आधी आदेशाने काय बदललं ते पाहू. ऑगस्ट २००० मध्ये क्लिंटन यांनी एक आदेश काढला होता. इंग्रजी न येणाऱ्यांनाही सरकारी सेवा समजेल अशी सोय सर्व केंद्रीय खात्यांनी करावी, असं त्यात होतं. तो आदेश नव्या आदेशाने रद्द झाला. पाठोपाठ जुलै २०२५ मध्ये न्याय खात्याने परिपत्रक काढलं, त्यात अनावश्यक बहुभाषिक सेवा कमी करण्यावर भर होता आणि भाषांतरासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचा 'जबाबदारीने' वापर करण्याचा विचारही होता. थोडक्यात, माणसाच्या जागी यंत्र आणता येईल का, ही चर्चा आता सरकारी कागदावर आली आहे.

मात्र राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने संसदेचा कायदा बदलत नाही. १९६४ चा नागरी हक्क कायदा आहे, २०१० च्या आरोग्य कायद्याचं १५५७ वं कलम आहे. केंद्राचा पैसा घेणाऱ्या दवाखान्यांना, म्हणजे मेडिकेअर घेणारी जवळपास सगळी हॉस्पिटलं आली, ते लागू आहे. याच कलमाखाली २०२४ मध्ये जे नियम आले, त्यातला एक मला फार महत्त्वाचा वाटतो. मजकूर रुग्णाच्या हक्काचा असेल, किंवा अचूकपणा अत्यावश्यक असेल, तर यंत्राने केलेलं भाषांतर पात्र माणसाने तपासलंच पाहिजे.

भाषांतरकाराचं काम कसं बदललं आहे ते या एका नियमात दिसतं. पूर्वी तो कोऱ्या कागदापासून सुरुवात करायचा. आता पहिला खर्डा यंत्र करतं आणि माणूस त्याच्या चुका काढून खाली सही करतो. गूगलच्या भाषांतरात मराठी २०१३ साली आली, आणि २०१७ मध्ये नवी पद्धत आल्यावर त्यातली वाक्यं बरीच सरळ झाली. भारतातही तेच चाललंय. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये 'सुवास' नावाची प्रणाली आणली, ती इंग्रजी निकालांचं मराठीसकट भारतीय भाषांत भाषांतर करते, आणि मग माणसं बसून ते तपासतात. कायद्याच्या इंग्रजीत 'लीव्ह' म्हणजे परवानगी. यंत्राला ती रजा वाटली तर अपील करणाऱ्याला सुट्टीच मंजूर व्हायची! मोबदला मात्र बऱ्याच ठिकाणी 'फक्त तपासायचंय' म्हणून कमी दिला जातो. खरं तर गुळगुळीत वाक्यात लपलेली चूक शोधणं हे नव्याने लिहिण्यापेक्षा अवघड काम आहे.

कागदाचं ठीक आहे हो, तो दोनदा वाचता येतो. डॉक्टरच्या खोलीत काय करायचं?

आपली मराठी दुखणी इंग्रजीत सहज जात नाहीत. 'पित्त' घ्या. आई म्हणते, "पित्त झालंय." म्हणजे घशाशी आंबट येतंय, की अर्धं डोकं दुखतंय, की अंगावर गांधी उठल्यात? तिन्हीला आपण पित्तच म्हणतो. यंत्र त्याचा शब्दकोशातला अर्थ देणार, आणि डॉक्टर पित्ताशयाकडे वळणार. 'मुंग्या आल्या', 'कणकण वाटतेय', 'कसंतरीच होतंय' या सगळ्यांची तीच गत.

माझाच किस्सा सांगतो. आईला घेऊन रात्री इमर्जन्सीत गेलो होतो. ती म्हणाली, "घाबरल्यासारखं होतंय." मी पटकन सांगून मोकळा झालो की 'शी इज फीलिंग अँक्शस'. नर्सने तसंच लिहून घेतलं आणि आम्हाला बाहेर बसवलं. तासाभराने ई.सी.जी. निघाला तेव्हा ठोके अनियमित पडताहेत हे कळलं. आईला भीती वाटतच नव्हती, तिच्या छातीत धडधडत होतं. चूक नर्सची नव्हती. माझी होती, आणि माझं इंग्रजी उत्तम आहे!

अशाच एका शब्दाची किंमत फ्लोरिडात १९८० मध्ये एका तरुणाने मोजली. विली रामिरेझ, वय १८, क्यूबन कुटुंबातला. घरच्यांनी 'इंतोक्सिकादो' असा शब्द वापरला. त्यांच्या बोलीत त्याचा अर्थ खाण्यापिण्यातून काहीतरी बाधलंय. डॉक्टरांना तो इंग्रजी 'इंटॉक्सिकेटेड'सारखा वाटला आणि त्यांनी मादक पदार्थांच्या अतिसेवनाचे उपचार सुरू केले. प्रत्यक्षात मेंदूत रक्तस्राव होत होता. मुलाचे चारही हातपाय कायमचे लुळे पडले, आणि पुढे सुमारे ७.१ कोटी डॉलर्सची तडजोड झाली. दुभाषी कोणी मागवला नाही, कारण दोन्ही बाजूंना वाटत होतं की आपल्याला एकमेकांचं बोलणं समजलंय.

घरचा दुभाषी आणखी एक गोष्ट करतो, ती म्हणजे काटछाट. गाठ कॅन्सरची आहे असं डॉक्टर सांगतात आणि आपण बाबांना म्हणतो, "जरा सूज आहे." हे प्रेमापोटी, मान्य आहे. पण ऑपरेशनच्या कागदावर सही बाबांची असते. उलट बाजूने पाहिलं तर बाईची दुखणी मुलासमोर आई उघड बोलतच नाही. आणि बारा वर्षांच्या नातीला दुभाषी म्हणून उभं करणं तर नियमातच बसत नाही. जिवावरचा तातडीचा प्रसंग असेल तरच, तेही तात्पुरतं.

('दुभाषी' हे आपल्याकडे आडनावही आहे. म्हणजे एके काळी हा मानाचा, घराण्याचा पेशा असणार!)

आता अडचण मराठीची. वैद्यकीय दुभाष्यांना प्रमाणपत्र देणाऱ्या इथे दोन राष्ट्रीय संस्था आहेत, पण मराठीची वेगळी परीक्षा एकीकडेही नाही. सगळ्या भाषांना सामाईक असलेलं प्रमाणपत्र मिळतं, त्यासाठी किमान ४० तासांचं प्रशिक्षण लागतं. आपल्या मंडळात निवृत्त परिचारिका आहेत, शिक्षिका आहेत, ज्यांच्या दोन्ही भाषा पक्क्या आहेत. त्यांनी याचा जरूर विचार करावा. 'इंडियन' म्हटलं की हॉस्पिटल सरळ हिंदीचा दुभाषी जोडून देतं. माजघरात आयुष्य काढलेल्या आजीला ती हिंदी किती कळणार?

म्हणून अपॉइंटमेंट घेतानाच सांगा, भाषा मराठी, हिंदी नव्हे. ही सेवा फुकट असते आणि बहुधा फोनवर किंवा व्हिडिओवर मिळते. बाई दुभाषी हवी असेल तर तसं विचारता येतं. तुम्ही खोलीत जरूर बसा, फक्त मधे बोलू नका. मला हे अजून जमत नाही.

आईच्या फाइलवर आम्ही आता 'मराठी' लिहून घेतलंय. गेल्या खेपेला फोनवर ज्या बाई आल्या, त्या बोलण्यावरून विदर्भाकडच्या वाटल्या. आई पुन्हा तेच म्हणाली, घाबरल्यासारखं होतं म्हणून. बाईंनी आधी डॉक्टरांना सांगितलं की या शब्दाचा अर्थ मला पेशंटला विचारून घ्यावा लागेल, आणि मग विचारलं, "काकू, भीती वाटते की छातीत धडधडतं?"