वेशीवरचे काटे आणि सुशिक्षितांचा न्याय

कोरोनाच्या साथीला आता काही वर्षे लोटली. गोष्ट जुनी झाली म्हणजे तिच्याविषयी निवाडा करणे सोपे जाते. त्याप्रमाणे आमच्या सुशिक्षित वर्गानेही त्या दिवसांविषयी आपला निकाल देऊन टाकलेला दिसतो. तो निकाल थोडक्यात असा की, २०२० च्या मार्च महिन्यात शहरातील जाणती माणसे शास्त्राच्या सांगण्याप्रमाणे वागली आणि खेड्यातील अजाण माणसे भीतीने वेडी झाली. याच्या पुष्ट्यर्थ जो पुरावा नेहमी पुढे करण्यात येतो, तो म्हणजे गावांच्या वेशीवर टाकलेले काटे; आणि पुण्याच्या बैठकीत हा विषय निघाला म्हणजे बोट दाखवावयास भोर आणि वेल्हे हे शेजारचे डोंगराळ तालुके आयतेच सापडतात. हा निकाल आम्हांस मान्य नाही. तो एकतर्फी आहे. आणि एकतर्फी निकालाचे फळ पुढील साथीत सर्वांनाच भोगावे लागणार असल्यामुळे त्याचा समाचार घेणे अवश्य वाटते.

प्रथम घडले काय, ते पाहू. ३० जानेवारी २०२० रोजी केरळात देशातील पहिला रुग्ण आढळला. ९ मार्च रोजी महाराष्ट्रातील पहिले दोन रुग्ण पुण्यात निघाले; दुबईहून परतलेले ते एक जोडपे होते. २२ मार्चला जनता कर्फ्यू झाला, २३ मार्चला राज्यातील जिल्ह्यांच्या सीमा बंद करण्याची घोषणा झाली आणि २५ मार्चपासून सारा देश बंद झाला. याच पंधरवड्यात पुण्यामुंबईस राबणारी माणसे गावाकडे निघाली, आणि महाराष्ट्रभर गावोगावच्या वेशी दगड, ओंडके व काटेरी फांद्या टाकून बंद होऊ लागल्या. मावळपट्टाही या लाटेबाहेर राहिला नाही.

या कृत्यास वेडेपणा म्हणण्यापूर्वी त्या मुलखाकडे एकदा नीट पाहावे. वेल्हे हा पुणे जिल्ह्यातील सर्वांत कमी लोकवस्तीचा तालुका. तोरणा आणि राजगड यांच्या आसमंतात, डोंगरांच्या सोंडांवर व ओढ्यांच्या काठी त्याच्या वाड्या विखुरलेल्या आहेत. भोरचा पश्चिम भाग तर वरंध घाटापर्यंत जाऊन कोकणच्या तोंडाशी टेकतो. शेती भाताची व पावसाच्या भरवशाची, म्हणून तरणी माणसे चाकरीस शहरात आणि म्हातारी माणसे घरी. म्हणजे ज्यांना हा रोग अधिक घातक, नेमकी तीच वाडीत राहिलेली. श्वास कोंडू लागला तर ज्या यंत्राचा आधार घ्यावयाचा ते यंत्र पुण्यात, आणि पुणे पन्नास-साठ किलोमीटरवर. वाडीपासून डांबरी रस्त्यापर्यंतची वाट निराळीच. रोगावर रामबाण औषध नव्हते, लस नव्हती. लस टोचण्यास आपल्या देशात आरंभ झाला तो १६ जानेवारी २०२१ रोजी. अशा स्थितीत रोगास वेशीबाहेर ठेवणे हा एकच उपाय त्या माणसांच्या हाती होता. राज्याने जिल्ह्यांचे जे केले आणि दिल्लीने देशाचे जे केले, तेच गावाने स्वतःचे केले. मग दिल्लीचे ते धोरण आणि वाडीचे ते अडाणीपण, हा न्याय कोठला?

परतणाऱ्या माणसाबरोबर रोग येतो, हे ज्ञान खेड्याला पुस्तकातून मिळालेले नाही. १९१८ च्या इन्फ्ल्यूएंझाला महाराष्ट्राने ‘मानमोडी’ असे नाव दिले होते. ती त्या वर्षी जूनमध्ये मुंबईत शिरली आणि माणसांच्या सोबतीने देशभर गेली. तिने एक कोटीहून अधिक माणसे नेली. इतकी की, १९११ ते १९२१ या दशकात हिंदुस्थानची लोकसंख्या वाढण्याऐवजी किंचित घटली. अशा अनुभवातून आलेल्या सावधगिरीस भ्याडपणा म्हणणे हे इतिहासाच्या अज्ञानाचे लक्षण आहे.

याचा अर्थ वेशीवर जे जे घडले ते सर्व योग्यच होते, असे आमचे म्हणणे नाही. माणसाला वेगळे ठेवणे आणि माणसाला वाळीत टाकणे या दोन गोष्टींत जमीनअस्मानाचे अंतर आहे. आलेल्या मुलाला जिल्हा परिषदेच्या शाळेत चौदा दिवस ठेवले, त्याच्या घरची भाकरी दाराशी पोहोचविली आणि पंधराव्या दिवशी त्याला घरात घेतले, तर ते विलगीकरण. त्यात गावाचेही रक्षण आहे आणि मुलाचाही मान आहे. परंतु त्याला निवारा नाही, पाणी नाही, परतीची मुदत नाही, आणि मुदत संपल्यावरही पाणवठ्यावर त्याच्या घरच्यांकडे पाठ फिरविली जाते, तर ते बहिष्काराचे जुनेच पाप होय. त्यावर शास्त्राची शाल पांघरल्याने ते पुण्य होत नाही. जेथे असे घडले तेथे गाव दोषी आहे, हे आम्ही निःसंकोच म्हणतो.

मात्र हीच कसोटी घेऊन शहराकडे वळले म्हणजे आमच्या वर्गाची मान खाली गेल्यावाचून राहत नाही. पुण्यातील त्या पहिल्या कुटुंबाची नावे मोबाईलवरून घरोघर फिरविली, ती काही वेल्ह्याच्या गुराख्याने नव्हे. कोंबडी खाल्ल्याने कोरोना होतो ही अफवा पसरवून कोंबड्या पाळणाऱ्या शेतकऱ्यांचे कंबरडे मोडले, ते लिहितावाचता येणाऱ्यांनीच. परदेशांहून आलेल्यांच्या डाव्या हातावर सरकारने शिक्के मारले, तेव्हा असे शिक्के घेऊन आगगाडीने प्रवास करणारे लोक भोरचे भातशेतकरी नव्हते. सोसायट्यांनी घरकाम करणाऱ्या बायांना फाटकाशी अडविले आणि कित्येकींचा पगारही त्याच दिवशी थांबला. २२ मार्चच्या सायंकाळी ज्यांच्यासाठी आपण थाळ्या वाजविल्या, त्याच डॉक्टरांना आणि परिचारिकांना देशात ठिकठिकाणी घरमालकांनी जागा सोडावयास सांगितले. आणि महिना लोटतो न लोटतो तोच, आरोग्यसेवकांवर हात टाकणाऱ्यास शिक्षा देण्याकरिता १८९७ च्या साथरोग कायद्यात वटहुकमाने दुरुस्ती करण्याची वेळ सरकारवर आली, ती २२ एप्रिल रोजी. त्याच महिन्यात एका धनाढ्य घराण्याची तेवीस माणसे मोटारींतून खंडाळ्याहून महाबळेश्वरास पोहोचली. त्यांच्यापाशी वरिष्ठ अधिकाऱ्याचे पत्र होते. पायी निघालेल्या मजुरापाशी असे पत्र नव्हते, एवढाच काय तो फरक. दुसऱ्याच्या डोळ्यातील कुसळ दिसते आणि आपल्या डोळ्यातील मुसळ दिसत नाही, ही म्हण आम्ही मुलांना शिकवितो. ती स्वतःला लावून पाहण्याची ही वेळ आहे.

यावर कोणी म्हणेल, ‘भीती स्वाभाविक आहे, तिचा दोष कोणाला द्यावा?’ आम्हीही भीतीला दोष देत नाही. दोष आहे तो रोगाला बदनामीचे रूप देण्यात, कारण बदनाम झालेला रोग लपविला जातो आणि लपविलेला रोग पसरतो. १८९७ च्या प्लेगात रँडच्या हुकमाने सोजिरांनी पुण्यातील घरे धुंडाळली, तेव्हा अप्रतिष्ठेच्या भयाने लोकांनी आपली आजारी माणसे दडविली; जुलमाने रोग आवरला नाही, उलट रोग्याचा आणि उपचाराचा संबंध मात्र तुटला. २०२० मध्ये सोजिर नव्हते, पण शेजाऱ्याची नजर होती. आणि त्या नजरेच्या धाकाने ताप आल्याचे कितीकांनी घरातच गिळले असेल! प्लेगच्या त्याच साली, १० मार्च रोजी, सावित्रीबाई फुले यांचा प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता त्याच रोगाने अंत झाला. त्यांना प्लेगची भीती ठाऊक नव्हती असे नाही. परंतु भीतीपेक्षा रोग्याचे माणूसपण त्यांना मोठे वाटले. आमच्या वर्गाला त्यांच्या तसबिरीला हार घालणे जमते. त्यांचा धडा गिरविणे मात्र जड जाते.

साथ पुन्हा येणार, ती कोणत्या नावाने येईल एवढाच प्रश्न आहे. तेव्हा भोर-वेल्ह्याच्या वाड्यांना उपदेश करण्यापूर्वी आमच्या वर्गाने दोन गोष्टी कराव्यात. पहिली आपल्या घरची: रोग्याचे नाव फिरविणार नाही, घरकामाच्या बाईचा पगार तोडणार नाही आणि परिचारिकेला घर नाकारणार नाही, असे नियम प्रत्येक सोसायटीने शांततेच्या काळातच लिहून ठेवावेत. दुसरी सार्वजनिक: वेल्ह्यातील पानशेत धरणाचे पाणी पुणे दररोज पिते, त्या वेल्ह्याच्या आरोग्यकेंद्रात प्राणवायू, डॉक्टर आणि रुग्णवाहिका आहे की नाही, याची विचारणा पुण्याने सरकारदरबारी करीत राहावे; आणि घरोघर हिंडून तापाची नोंद ठेवणाऱ्या आशाताईंच्या मोबदल्याचा प्रश्न तो आपलाच प्रश्न आहे असे मानून आवाज उठवावा. ज्या गावाला आपला रोगी वाचेल असा भरवसा असतो, त्या गावाला वेशीवर काटे टाकावे लागत नाहीत. तो भरवसा देण्याचे काम आम्ही केलेले नाही. ते होईपर्यंत त्या काट्यांविषयी निवाडा करण्याचा अधिकारही आम्हांस नाही.