संत्र्याला तारीख समजत नाही

बँकेच्या नोकरीत माणूस कागदावर विश्वास ठेवायला शिकतो. मीही शिकलो. पण नाशवंत मालापुढे कागद किती दुबळा असतो, हे मला संत्र्याच्या एका व्यापाऱ्याने दाखवले.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. हा आमच्या शाखेचा जुना खातेदार. त्याचा माल आमच्याकडे नजरगहाण असायचा. आंबिया बहाराचा त्याचा एक ट्रक नागपूरहून निघाला आणि परगावच्या जकात नाक्यावर अडला. बिल्टीवरच्या पेट्या आणि ट्रकातल्या पेट्या जुळेनात. जकात चुकवल्याचा शेरा पडला, माल अडकला. हा दंड भरायला तयार होता. पण दंड ठरवणारे साहेब रजेवर होते. सहाव्या दिवशी ट्रक सुटला तेव्हा ताडपत्रीखालून पाणी गळत होते. माझ्या टेबलासमोर बसून तो एवढेच म्हणाला, ‘‘साहेब, कागद नाई सडत, संत्रं सडते.’’ त्याचा माल गेला, आमचे कर्ज थकले आणि जकातवाल्यांच्या हाती सडक्या पेट्यांचा पंचनामा उरला.

कायद्याला हे कळत नाही म्हणावे, तर तसेही नाही. १९०८च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत सोय आहे, की जप्त माल लवकर नासणारा असेल, किंवा त्याच्या राखणीचा खर्च किमतीहून जास्त होणार असेल, तर तो ताबडतोब विकता येतो. १९६६ची आपली जमीन महसूल संहिताही नाशवंत वस्तूंचा लिलाव शक्य तितक्या लवकर करायला सांगते. २०१३ मध्ये नागपुरातली जकात गेली, २०१७ मध्ये जीएसटी आला. ताज्या संत्र्यावर हा कर नाही. पण आमच्या संत्रा बर्फीवर आहे, आइस्क्रीमवर आहे. या कायद्यात वाटेत अडवलेल्या मालाचा दंड भरायला आदेश मिळाल्यापासून १५ दिवस मिळतात, नंतर माल विकता येतो. माल नाशवंत असेल तर अधिकाऱ्याला ही मुदत कमी करता येते.

मग घोडे अडते कुठे? ‘करता येते’ या दोन शब्दांत. करता येते, म्हणजे न करताही येते!

खुर्चीत बसलेल्या माणसाची भीती मी जवळून पाहिली आहे. ती माझीही होती. जप्त माल घाईने विकला, तर लेखापरीक्षक विचारतो, एवढ्या कमी भावात का दिला? तोच माल सडू दिला, तर कोणी काही विचारत नाही. सडण्याला निसर्ग जबाबदार, विकण्याला सही जबाबदार. मग सही कोण करील?

मी कर चुकवणाऱ्यांची वकिली करतो आहे, असे कोणी समजू नये. कर बुडवला असेल तर वसूल झालाच पाहिजे. पण जप्तीच चुकीची असली तर? १९१८च्या खेडा सत्याग्रहात सारा न भरल्याबद्दल कांद्याच्या एका शेतावर जप्ती आली. ती गांधीजींना अन्यायाची वाटली आणि त्यांच्या सल्ल्यावरून मोहनलाल पंड्यांनी उभा कांदा काढून नेला. ते तुरुंगात गेले, पण लोकांनी त्यांना ‘डुंगळीचोर’ ही पदवी कौतुकाने बहाल केली. न्याय-अन्यायाचा निवाडा होईपर्यंत कांदा थांबत नाही, ही अडचण तेव्हाही होती.

उपाय अवघड नाही. नाशवंत माल अडवला, की मालकाला एक दिवसाची संधी द्यावी. त्याने रक्कम भरली तर माल सोडावा. नाही भरली, तर दुसऱ्या सकाळी तो माल कळमन्यासारख्या बाजारात, चार अडत्यांसमोर उघड लिलावात विकावा. त्या दिवशीचा बाजारभाव कागदावर नोंदवला, की अधिकाऱ्याच्या सहीला संरक्षण मिळेल. पैसे अनामत राहावेत. निकाल ज्याच्या बाजूने लागेल त्याने ते घ्यावेत. आणि हे सारे ‘करता येते’ नव्हे, ‘केलेच पाहिजे’ असे कायद्याने म्हणावे.

भांडण मग दहा वर्षे चालले तरी चालेल. कागद सडत नाही, तसा पैसाही सडत नाही.