‘फौदा’च्या टाळ्या आणि आपले विस्मरण

शिंदखेड्यात अलीकडे काही स्वयंसेवक कुटुंबांच्या एकत्रीकरणास जाण्याचा योग आला. कापसाचा भाव, सुलवाडे-जामफळ उपसा योजनेचे पाणी असे विषय होता होता गाडी ‘फौदा’ या इस्रायली मालिकेवर आली आणि मंडळी एकदम सरसावून बसली. पॅलेस्टिनी म्हणून वेस्ट बँकेत वावरणाऱ्या इस्रायली हेराची ही कथा २०१५ साली प्रथम प्रसारित झाली व पुढे घरोघर पोहोचली. तरुणांना तिचे प्रसंग पाठ होते. एकाने विचारले, “त्यांना जमते ते आपल्याला का जमत नाही?” एका ज्येष्ठांची तक्रार निराळी होती. “हमासच्या माणसाची बायकामुले आणि त्यांचे अश्रू दाखवण्याचे कारणच काय?”

या दोन्ही प्रतिक्रिया आपल्या घरातल्या आहेत, म्हणूनच त्यांची परखड चिकित्सा व्हावयास हवी. तत्पूर्वी तिसऱ्या प्रतिक्रियेचा समाचार घेणे प्राप्त आहे. २०१८ साली इस्रायलवर बहिष्कार घालू पाहणाऱ्या चळवळीने ही मालिका काढून टाकण्याची मागणी केली. आपल्याकडील पुरोगामी वर्तुळांतही ‘हा निव्वळ प्रचार’ असा सूर निघाला. त्याच वर्षी आलेल्या ‘राझी’ चित्रपटात पाकिस्तानी लष्करी कुटुंब सहृदय दाखवले, तेव्हा हीच मंडळी ‘शत्रूतही माणूस पाहणारी कलाकृती’ म्हणून माना डोलावत होती. शत्रूतील माणूस भारतीयाने दाखवला तर ती कला आणि इस्रायलीने दाखवला तर तो प्रचार! ही तराजूची दांडी कोणी धरली आहे, हे सांगण्यास न्यायाधीश लागत नाही.

परंतु प्रतिपक्षाचे ढोंग उघडे पडल्याने आपला पक्ष आपोआप शहाणा ठरत नाही. त्या ज्येष्ठांच्या तक्रारीचेच पाहा. मालिकेचा एक निर्माता व नायक लिओर राझ याचे वडील इराकमधून आलेले यहुदी. अरबी त्याच्या घरातच होती. तो स्वतः अशाच वेषांतर पथकात सैनिक होता. शत्रूची बोली, त्याची प्रार्थना, त्याच्या घरातील लग्न आणि मयत ज्याला ठाऊक नाही, तो शत्रूच्या गल्लीत अर्धा तासही टिकणार नाही. ज्याचे अश्रू आपण पाहिलेच नाहीत, त्याचे डावपेच आपण काय ओळखणार? द्वेष करणे सोपे असते, त्याला अभ्यास लागत नाही. हेरगिरी अभ्यासावर चालते.

हे आपल्या परंपरेला नवे नाही. शिंदखेड्याच्या उत्तरेने वाहणारी तापी ज्या सुरतेला जाते, त्या सुरतेवर १६६४ साली महाराज चालून गेले ते खडान्‌खडा माहिती हाती आल्यावर. बहिर्जीचे नाव आपण अभिमानाने घेतो, पण त्याचे कसब घेत नाही. अलीकडच्या काळात सेतुमाधवराव पगडींनी फारसी आत्मसात करून मोगल दरबाराची बातमीपत्रे मराठीत आणली. शत्रूच्याच कागदांतून त्यांनी मराठ्यांचा पराक्रम सिद्ध केला. उर्दू काव्यावरही त्यांनी प्रेमाने लिहिले आणि त्यामुळे त्यांचे राष्ट्रप्रेम तसूभरही उणे झाले नाही. आज आपल्या किती घरांत फारसी, उर्दू, अरबी वा चिनी शिकणारा एक तरी मुलगा आहे?

आता त्या तरुणांच्या टाळ्यांकडे वळू. २०२२ साली ‘फौदा’चे हिंदी रूपांतर ‘तनाव’ या नावाने आले. त्यात वेस्ट बँकेच्या जागी काश्मीर आहे. आपल्यापैकी अनेकांनी ते तितक्याच उत्साहाने पाहिले. त्या टाळ्यांत आपण काय मान्य केले, याचा कोणी विचार केला काय? काश्मीर म्हणजे भारताचे पॅलेस्टाईन, ही उपमा फुटीरतावाद्यांची आहे. पाकिस्तान ती जगाच्या व्यासपीठांवर अनेक दशके मिरवीत आला. काश्मीर २६ ऑक्टोबर १९४७ च्या सामीलनाम्याने भारतात आले. तेथील नागरिक भारताचा नागरिक आहे, तो कोणा परकीय अमलाखालील प्रजाजन नव्हे. तेथे काम करणारा आपला हेर स्वकीयांमध्ये काम करतो आणि त्याला माहिती देणारा, प्रसंगी प्राण देणारा बहुधा काश्मिरी मुसलमानच असतो. २०१३ साली गुप्तवार्ता विभागाची सूत्रे सय्यद आसिफ इब्राहिम यांच्याकडे आली, हेही विसरू नये. इस्रायलचे भांडण उचलून आपल्या गल्लीवर चिकटवणे हे राष्ट्रवादाचे लक्षण नाही. ती शत्रूच्या उपमेला दिलेली शरणागती आहे.

आणि ज्या सर्वज्ञतेवर आपण भाळलो, तिचे काय झाले? ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासने सीमा ओलांडून सुमारे बाराशे माणसे मारली, अडीचशेच्या आसपास ओलीस नेली, आणि जगातील सर्वाधिक वाखाणलेल्या गुप्तचर यंत्रणांना त्याचा सुगावा वेळीच लागला नाही. त्यानंतरच्या युद्धात गाझात हजारो सामान्य माणसे, बालकेही मेली. या मालिकेच्या पथकातील एक तरुण त्याच युद्धात लढताना पडला. पडद्यावरचा हेर कधी चुकत नाही, खरे राष्ट्र चुकते आणि त्याची किंमत रक्ताने मोजते. इस्रायलविषयी आदर असावा, मात्र तो डोळस असावा.

‘आपल्याला का जमत नाही’ या प्रश्नाचे उत्तर मी त्या बैठकीत दुसऱ्या प्रश्नाने दिले. १९६५ साली दमास्कसमध्ये फाशी गेलेला एली कोहेन किती जणांना माहीत आहे? बरेच हात वर झाले. काश्मीर सिंग किती जणांना माहीत आहे? एकही हात वर आला नाही. हा पंजाबी गृहस्थ १९७३ साली पाकिस्तानात पकडला गेला, त्याला मृत्युदंड सुनावला गेला आणि पस्तीस वर्षे तुरुंगात काढून मार्च २००८ मध्ये तो वाघा सीमेवरून परतला. आपण देशासाठी हेरगिरी करीत होतो, हे त्याने परतल्यावर उघडपणे सांगितले. त्याच्या पत्नीने इतकी वर्षे वाट पाहत संसार ओढला. एली कोहेनच्या नावाने इस्रायलमध्ये रस्ते आहेत. आपण मात्र आपल्या माणसाचे नावही विसरलो.

हेराला ओळख देणे शासनास अडचणीचे असेल, पण समाजाला कोणी अडवले आहे? अशा माणसांच्या कुटुंबांची विचारपूस करणे, त्यांच्या कथा मुलांना सांगणे, एखाद्या हुशार मुलाला परकी भाषा शिकण्यास पाठबळ देणे, एवढे शिंदखेड्यासारख्या गावातही होऊ शकते. मालिका जरूर पाहावी. परंतु ती संपल्यावर जो केवळ पुढच्या भागाची वाट पाहतो तो प्रेक्षक, आणि जो उठून कामाला लागतो तो कार्यकर्ता. आपण यांपैकी कोण, हे ज्याने त्याने स्वतःशी ठरवावे.