आधी पिल्लाची आई दाखवा
मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटात पिंजऱ्यांपुढे मूल हट्ट धरतं आणि वडील पाकीट काढतात. तिथेच थांबा. पिल्लाची आई दाखवा, असं दुकानदाराला सांगा. बहुतेकदा ती तिथे नसतेच. कुत्र्यांच्या पैदाशीच्या २०१७च्या नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही, आणि २०१८पासून दुकानाला राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. प्रमाणपत्र मागाच. देशी पोपट तर १९७२च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित. तो विकत घेणं गुन्हाच.

हस्की जातीच्या कुत्र्याला नागपूरच्या मे महिन्यात ठेवणं हा आम्हाला निव्वळ छळ वाटतो. दाट लोकरीखाली तो जीव दिवसभर धापा टाकत फरशीवर पडून राहतो. त्यापेक्षा आसरा शोधणारं गावठी पिल्लू आणा, तीन महिन्यांचं झालं की रेबीजची लस टोचून घ्या.