क्युबिटांची मोजणी आणि जोडणी

केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये राष्ट्रीय क्वांटम मोहिमेला मंजुरी दिली, तेव्हा सहा हजार कोटी रुपयांच्या खर्चासोबत एक उद्दिष्टही जाहीर झाले: आठ वर्षांत ५० ते १,००० क्युबिटांचे संगणक. आकडा डोळ्यांत भरणारा आहे. परंतु अतिसंवाहक चिपवर क्युबिट किती, यापेक्षा कोणता क्युबिट कोणाला जोडलेला, हा प्रश्न आता अधिक कळीचा ठरू लागला आहे.

अशा चिपवरील क्युबिट म्हणजे निरपेक्ष शून्यालगतच्या तापमानात ठेवलेले सूक्ष्म विद्युतमंडल. त्याचा थेट संबंध केवळ शेजाऱ्यांशी. आयबीएमच्या परिचित षटकोनी जाळीत प्रत्येकाला जेमतेम दोन-तीन शेजारी असतात. वारंवारता एकमेकींत मिसळू नयेत म्हणून ही काटकसर मुद्दाम केलेली. अल्गोरिदमला मात्र दूरचे दोन क्युबिट एकत्र हवे असतील, तर मधल्या क्युबिटांतून अवस्थांची अदलाबदल करीत जावे लागते. एका अदलाबदलीला साधारणतः तीन द्विक्युबिट क्रिया लागतात आणि प्रत्येक क्रियेगणिक त्रुटी साचते. कागदावर सुबक वाटणारा अल्गोरिदम पुष्कळदा या प्रवासातच गारद होतो.

आयबीएमच्या संशोधकांनी २०२४ मध्ये ‘नेचर’मध्ये मांडलेली त्रुटिसुधारणेची पद्धत या दृष्टीने बोलकी आहे. बारा तार्किक क्युबिट जपण्यास तिला २८८ भौतिक क्युबिट पुरतात. प्रचलित ‘सरफेस कोड’ला त्याच कामासाठी सुमारे ३,००० लागतात. मोबदल्यात प्रत्येक क्युबिटाला सहा जोडण्या द्याव्या लागतात, त्यांतल्या काही लांब पल्ल्याच्या. त्यासाठी अभियंत्यांना नवी तारजोडणी घडवावी लागते. पण गणितज्ञांनीही दोन थरांत मावेल अशीच रचना शोधली, हे विसरता येत नाही. अर्थात वाट एकच नाही: गूगलच्या १०५ क्युबिटांच्या ‘विलो’ने साध्या चौरस जाळीवर सरफेस कोडच पुढे नेला.

आपल्याकडे अमरावतीत आयबीएमचा १५६ क्युबिटांचा संगणक उभारण्याची घोषणा झाली आहे. त्यावर विद्यार्थी अल्गोरिदम लिहायला शिकतील, हे मोलाचेच. परंतु जोडणीचा निर्णय आधीच इतरत्र झालेला असेल. याउलट मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने पुण्यातील डीआरडीओच्या प्रयोगशाळेसह २०२४ मध्ये तपासलेला प्रोसेसर अवघ्या सहा क्युबिटांचा आहे. मात्र त्याची वलयाकार अनुनादकावर आधारलेली जोडणी याच संस्थेत शोधलेली आहे. कोणत्या गणिताला ती सोयीची, हे पाहून पुढची चिप बदलण्याची मुभा इथे आहे. मोहिमेच्या प्रगतीपुस्तकात या कामाला क्युबिटसंख्येइतके गुण मिळतात का, यावर पुढील निधीची दिशा ठरेल.