शनिवारची रात्र

निघायचं ते शनिवारी रात्री. रविवारी कामाला सुट्टी; त्यामुळे कुणी पळालंय हे मालकाला उशिरा कळे आणि फरारीची जाहिरात सोमवारच्या आत छापून येत नसे. हा हिशेब हॅरिएट टबमनचा, लिहिता-वाचता न येणाऱ्या बाईचा.

अमेरिकेतल्या मेरीलँडमध्ये गुलामीत जन्मलेल्या हॅरिएटच्या डोक्यात लहानपणी मुकादमानं भिरकावलेलं लोखंडी वजन बसलं. तेव्हापासून बोलता बोलता तिला अचानक गुंगी येई. तरी १८४९मध्ये ती एकटी फिलाडेल्फियाला निसटली आणि पुढे सुमारे १३ वेळा माघारी जाऊन जवळपास ७० जणांना घेऊन आली. फरारी गुलामांना धरून परत पाठवण्याच्या १८५०च्या कायद्यामुळे उत्तरेतही धरपकड वाढली, तेव्हा ही वाट थेट कॅनडापर्यंत लांबली. यादवी युद्धात, जून १८६३मध्ये, कॉम्बाही नदीवरच्या मोहिमेला वाट दाखवायला तीच होती. त्या एका मोहिमेत ७००हून अधिक माणसं सुटली. युद्धातल्या सेवेपोटी पेन्शन मिळायला मात्र १८९९ उजाडलं.

जोतीराव फुल्यांनी १८७३मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केलं ते अमेरिकेत गुलामी मोडण्यासाठी झटलेल्या लोकांना. त्या अर्पणपत्रिकेत हॅरिएटचं नाव नाही, पण तिचा वाटा त्यात आहेच.

१० मार्च १९१३ला ती गेली. म्हणून मार्चचा हा अंक तिची आठवण काढून उघडतो आहोत. जीव वाचवून पळणारे पुष्कळ असतात. सुटका झाल्यावर मागे राहिलेल्यांसाठी त्याच वाटेनं पुन्हा अंधारात शिरणारं माणूस विरळा.