तीन रकान्यांचा हिशेब

मराठी शिकवणाऱ्याने आकड्यांच्या वाटेस जाऊ नये, असे आमच्या गणिताच्या सहकाऱ्यांचे मत आहे. पण यंदा एका शब्दानेच मला तिकडे नेले. शब्द 'ट्रिपल डबल'. ऐकून तीन दुणे सहा असे काहीतरी वाटते ना? प्रत्यक्षात इथे डबल म्हणजे दुप्पट नव्हे, दोन आकडी संख्या. बास्केटबॉलमध्ये खेळाडूच्या नावापुढे जमेचे पाच रकाने असतात. एक, मिळवलेले गुण. दुसरा रिबाउंड, म्हणजे नेम हुकून परतलेला चेंडू पकडणे. तिसरा असिस्ट, म्हणजे ज्या पासवर सोबत्याने लगेच बास्केट केली तो पास. मग हिसकावलेले चेंडू आणि हवेतच अडवलेले नेम. एकाच सामन्यात यांपैकी कोणत्याही तीन रकान्यांत दहा किंवा अधिक भरले, की झाला ट्रिपल डबल. बहुधा हे तीन रकाने पहिलेच असतात.

यात एवढे काय, असे आपण म्हणाल. गंमत अशी, की हे रकाने एकमेकांचे वैरी आहेत. रिबाउंडसाठी बास्केटखाली ठाण मांडावे लागते. तिथे उंच, धिप्पाड माणसांचे राज्य. असिस्ट हे चेंडू खेळवत मैदानभर नजर फिरवणाऱ्या चपळ माणसाचे काम. आणि जो चेंडू दुसऱ्याला दिला, त्यावर आपले गुण कसे होणार? एकाच बाईने रांधावे, पंक्तीला वाढावे आणि त्याच पंक्तीत बसून पोटभर जेवावेही, तसला हा प्रकार आहे.

अमेरिकेच्या एनबीए स्पर्धेत ऑस्कर रॉबर्टसनने १९६१-६२ च्या अख्ख्या हंगामात हे सरासरीने साधले: सामन्यामागे ३०.८ गुण, १२.५ रिबाउंड, ११.४ असिस्ट. असे ४१ सामने! पण तेव्हा त्याचे कोणी कौतुक केले नाही, कारण 'ट्रिपल डबल' हा शब्दच १९८० च्या सुमारास रूढ झाला. नाव नसलेल्या पराक्रमाला टाळ्या कोण वाजवणार? २०१६-१७ मध्ये रसेल वेस्टब्रुकने ४२ केले, तेव्हा कुठे जगाला ऑस्करची थोरवी मोजता आली.

त्याच १९६२ च्या एप्रिलात आपल्या सोलापुरात जन्मलेल्या पॉली उम्रीगरांनी पोर्ट ऑफ स्पेनच्या कसोटीत ५६ आणि नाबाद १७२ धावा केल्या आणि १०७ धावांत पाच बळीही घेतले. भारत सात गड्यांनी हरला, ही गोष्ट निराळी. रकाने भरले म्हणजे सामना जिंकलाच असे नाही.

आणि रकान्याची हाव कुठवर जाते, तेही ऐका. २००३ मध्ये रिकी डेव्हिस या खेळाडूचे नऊ रिबाउंड झाले होते. सामना खिशात, सेकंद संपत आलेले. पठ्ठ्याने काय करावे? चेंडू स्वतःच्याच बास्केटवर मारला आणि परतलेला झेलला! तो दहावा काही धरला गेला नाही. वर संघानेच दंड ठोठावला. नऊ आणि दहा यांत खेळाचा फरक नाही हो, हाताच्या बोटांचा आहे.

हे सारे पुराण मी अभ्यासले ते पहूरच्या आमच्या दादामुळे. माझी पुतणी जळगावला कॉलेजात बास्केटबॉल खेळते. सरावानंतर एस.टी.ने पहूरला उतरायला रात्र होते. दिवाळीआधी दादाने फर्मान काढले, "पेपरात हिचे नावसुद्धा नाही. सहा गुणांसाठी एवढी वणवण? बंद!" पुतणीने भारताच्या महिला संघाचे कर्णधारपद भूषवलेल्या पुण्याच्या शिरीन लिमयेंचे नाव घेऊन पाहिले, दादा बधला नाही. वहिनी नुसती पोळ्या लाटत होती, पण पोळपाटाचा आवाज वाढला होता.

पुढच्या सामन्याला मी वही घेऊन बसलो. रात्री पहूरला दादापुढे वही ठेवली: गुण ६, रिबाउंड १२, असिस्ट ९. ट्रिपल डबल नाहीच. दोन आकडी रकाना एकच.

"बघ, सहाच," दादा म्हणाला.

"नऊ पासांचे कमीत कमी अठरा गुण दुसऱ्या मुलींच्या नावावर लागले. अठरा नि सहा चोवीस. संघाचे एकूण सत्तेचाळीस."

दादा कापूसवाला माणूस. हिशेबाला तो कधी नाही म्हणत नाही. बराच वेळ वहीकडे पाहत राहिला.

"म्हणजे आपल्या सालदारासारखं," तो म्हणाला. "रात्री लाइट आली की उठून पाणी तो भरतो. काट्यावर नाव मात्र वेचणारीचं."

"तसंच."

"संक्रांतीपर्यंत खेळू दे. स्टँडवर मी जात जाईन घ्यायला." मग वही पुन्हा जवळ ओढून, "पण हा दहावा कसा राहिला?"

"पास चोख होता. पुढच्या मुलीचा नेम हुकला, म्हणून तो धरत नाहीत."

दादाचा चेहरा एकदम कठोर झाला. "कोण ती पोरगी? पहूरची नाही ना?"